चहाच्या गाड्यावरची सही

कोंडाजीला नाही म्हणता येत नाही, हीच त्याची सगळी कुंडली. कोणी वर्गणी मागितली, दिली. कोणी म्हणालं गाडा जरा सरकव, सरकवला. आणि चहाचा गाडा उभा कुठे, तर थेट पोलीस ठाण्याच्या फाटकाला लागून. ठाणं नाशिकमधलंच, पण नाव घेऊन मला कशाला नसती आफत! तर अशा माणसाचं दुसरं काय होणार? तो पंच झाला.

पंच म्हणजे साक्षीदारच हो. पोलिसांनी काही माल जप्त केला की तो बाहेरच्या दोन माणसांसमोर करायचा. कागदावर आणि मालाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. पुढे कोर्टात त्या माणसांनी सांगायचं, हाच तो माल, आमच्यादेखत सापडला. शहाणी माणसं ‘पंच’ म्हटलं की ढुंगणाला पाय लावून पळतात. कोर्टाच्या चकरा कोणाला हव्यात? कोंडाजीला मात्र त्याचं भारी अप्रूप. समन्स आलं की इस्त्रीचा सदरा बाहेर निघायचा. “उद्या गाडा बंद. कोर्टात काम हाय,” हे तो अशा थाटात सांगायचा, की गिऱ्हाइकाला वाटावं निकाल हाच देणार आहे.

सुरुवातीला तो खरोखर जागेवर जायचा. मग ठाण्यातल्या कारभारी नावाच्या हवालदारांनीच सोय काढली. “कोंडाजी, ऊन लय हाय, तू कशाला येतो? तिकडचं सगळं उरकलंय. इथंच सही कर.” गाड्याच्या फळीवर, भरल्या ग्लासांच्या मधोमध कागद मांडले जायचे आणि कोंडाजी झोकात सही ठोकायचा. पोलीस कशाला खोटं बोलतील, असं त्याचं साधं गणित. पुढे तेच अंगवळणी पडलं.

त्या दिवशीही तो असाच ऐटीत कोर्टात आला. अंबडच्या एका गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली होती, त्याचा खटला होता. बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर डबा घेऊन बसली होती. ही लताबाई, पंचवटीच्या भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी. कोर्टाच्या बाकावर ओळख व्हायला कितीसा वेळ लागतो!

“माझ्या पोराची तारीख हाय भाऊ, सनीची,” ती म्हणाली. “तार आमच्या घरात सापडली म्हणतात. मी बाजारात होते, मला काय माहीत? पोरगं शपथा घेतं, आई, मी नाय केलं. आधी मी बी भांडले पोलिसांशी. पण मग गप झाले.”

“का बरं?”

“कोणी कोंडाजी म्हणून पंच हाय. पोलिसातला नाय, बाहेरचा माणूस. त्यानं म्हणे डोळ्यांनी बघितलं, सही केली. त्याला का आमचं वाईट करायचंय?” तिने कमरेला खोचलेली किल्ली चाचपली. “पोरगं जामिनावर आलंय, पण घराची किल्ली मी त्याच्या हातात देत नाय. मी बाजारातून येईपर्यंत ओट्यावर बसून राहतं बिचारं, स्वतःच्याच घराच्या. काय करू भाऊ, भरवसाच उडाला.”

तिने डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली. कोंडाजी म्हणाला, “नको.” जन्मात बहुतेक पहिल्यांदाच.

तेवढ्यात पुकारा झाला. शिपायाने कोंडाजीचं नाव घेतलं आणि हा बाकावरून उठला. लताबाई त्याच्याकडे बघतच राहिली, मग तीही मागोमाग आत आली. पाठीमागे वळून बघायची कोंडाजीची छाती झाली नाही.

सरकारी वकिलांनी गोणपाटात बांधलेला माल पुढे ठेवला. “चिठ्ठीवरची सही तुमचीच ना?”

एरवी त्याने न बघताच होय म्हटलं असतं. आज त्याने वाकून पाहिलं. लाखेचं सील होतं, त्याची झोकदार सही होती, आणि सहीच्या शेजारी चहाच्या ग्लासाच्या बुडाचा तपकिरी गोल डाग. अरे देवा! म्हणजे हीही सही गाड्याच्या फळीवरचीच! कोपऱ्यात कारभारी हवालदार उभे होते. ‘बोल, बोल’ म्हणून मान हलवत होते. त्यांच्या मेहेरबानीवर तर गाडा उभा होता.

“सही माझी हाय,” तो म्हणाला.

“आणि माल आरोपीच्या घरात तुमच्यासमोर सापडला?”

“नाय.”

“काय?” वकील ओरडलेच.

“मी त्या घरी गेलोच नाय साहेब. सही माझ्या गाड्यावर केली. हा बघा ना चहाचा डाग.”

साक्षीदार फितूर झाला, असं जाहीर करून वकिलांनी त्याला असं फैलावर घेतलं की विचारू नका. आरोपीकडून किती मिळाले? आत्ता त्याच्या आईशी बाहेर काय गुलुगुलू चाललं होतं? आणि चहाचा डाग काय, कुठेही पडतो!

“पडतो की,” कोंडाजी म्हणाला. “पण सही मी कुठं केली, हे मला नाय माहीत तर कुणाला माहीत?”

न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा करून चिठ्ठी निरखली. “म्हणजे या मुलाने चोरी केली नाही, असं तुमचं म्हणणं आहे?”

“ते मला काय माहीत, मॅडम? मी काही बघितलं नाय, एवढंच सांगतो. न बघता सही केली, ती चूक माझी.”

बाहेर आला तेव्हा सदऱ्याची इस्त्री पार गेली होती. कारभारी हवालदार जाता जाता म्हणाले, “उद्यापासून गाडा कुठं लावायचा ते बघ बाबा.” कोंडाजी “बघतो” म्हणाला. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण आतून लताबाई बाहेर येत होती. आता ही शिव्या घालणार, आणि घालू दे, असं म्हणत तो हात जोडून उभा राहिला.

पण लताबाईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ जिन्यापाशी उभ्या असलेल्या सनीकडे गेली. तिने कमरेची किल्ली काढली, पोराच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

“मला बाजार करून यायला उशीर होईल,” ती म्हणाली. “तू हो पुढं. कुलूप काढ, बाळा.”