पाहुणे आले त्या दिवशी पाळणाघर रिकामं होतं

फाउंडेशनचा अधिकारी पाहणीला आला त्या दिवशी पाळणाघरात एकही मूल नव्हतं. पुढचं सगळं त्यातून घडलं.

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यापासून मी छोट्या संस्थांसाठी अनुदानाचे प्रस्ताव लिहितो. राहतो वारूळवाडीला, संस्था जुन्नर-आंबेगावातल्या. हे पाळणाघर शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका वाडीतलं. लावणीच्या दिवसांत इथल्या बायका सकाळी भातखाचरात उतरतात, त्या दिवेलागणीलाच वर येतात. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी, तीही दुपारपर्यंत. त्याहून लहान मुलं पूर्वी बांधावर प्लॅस्टिकच्या कागदाखाली निजायची, नाहीतर मोठी बहीण शाळा बुडवून त्यांना सांभाळायची. संस्थेने समाजमंदिरात झोळ्या टांगल्या आणि त्या मुली शाळेत जाऊ लागल्या. दोन सेविकांचं मानधन आणि मुलांचं जेवण एका फाउंडेशनच्या पैशातून व्हायचं. मग त्या फाउंडेशनने धोरण बदललं. आता त्यांना डिजिटल शिक्षण हवं होतं. नवं अनुदान मिळालं नाही तर पाळणाघर ऐन लावणीत बंद पडणार, हे उघड होतं.

संस्था चालवणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका. घोडेगावात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आहे. तिथे बसून मी दुसऱ्या एका फाउंडेशनसाठी प्रस्ताव लिहिला. त्यात नेहमीचा प्रश्न होता: आमची मदत थांबल्यावर हे काम कसं चालेल? चालेल म्हटलं तर मग पैसे कशाला, असं विचारतात. चालणार नाही म्हटलं तर काम टिकाऊ नाही, असा शेरा मारतात. त्या रकान्यात दोन्हीच्या मधलं काहीतरी लिहिण्यासाठीच मला बोलावतात.

प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार पडला. पाहणीची तारीख ठरली. अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं, "काही खास करू नका. नेहमीसारखं चालू द्या." ताईंनी वाडीवर निरोप धाडला: साहेब येणार आहेत.

वाडीने त्या निरोपाचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. पाहुणे येणार म्हटल्यावर घरचं माणूस शेतावर जात नाही. त्या दिवशी लावणी बंद राहिली. बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून समाजमंदिरासमोर येऊन बसल्या. एका घरी जेवण शिजत होतं. अधिकारी, पुण्याहून आलेला तरुण, थेट आत गेला. झोळ्या रिकाम्या होत्या. तो बाहेर आला.

"मुलं कुठायत?"

"ही काय," एक जण कडेवरचं मूल दाखवत म्हणाली.

"पण पाळणाघरात का नाहीत?"

"आज आमी घरी हाये ना! आई घरी आसल्यावर पोर झोळीत कशाला टाकू, राव?"

"मग तुम्ही शेतात का नाही गेलात?"

"तुमी येणार व्हता म्हणून! पावणं दारात आन् आमी चिखलात, बरं दिसतं का?"

बायका हसल्या. तो हसला नाही. त्याच्या टॅबवर त्या दिवशीच्या उपस्थितीचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. थोडा विचार करून त्याने तोडगा सुचवला. मुलांना पाच मिनिटं आत ठेवा, मी फोटो काढतो. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला मदतच करायची होती. वर्तमानपत्रात असे फोटो रोज यायचे: हातात नवा झाडू दिलेले पुढारी, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात रोप लावणारे पाहुणे.

"आन् आमी कुठं थांबायचं?" एकीने विचारलं.

"तुम्ही जरा बाजूला. फोटोत यायला नको."

"म्हंजी पोर आत रडनार, आन् आमी भिंतीआड लपनार? न्हाई जमायचं, भाऊ."

ताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आज शून्य आहे. शून्य लिहा."

"ताई, शून्य लिहिलं तर वरून प्रश्न येतील."

"येऊ द्या. आम्ही उत्तरं देऊ."

त्याने शून्य लिहिलं. मग त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

घडलं ते जसंच्या तसं मी फाउंडेशनला कळवलं. नकार आला. कारण दिलं होतं: केंद्राचा प्रत्यक्ष वापर आढळला नाही, समाजाची मागणी सिद्ध होत नाही. ताईंनी ते वाडीवर वाचून दाखवलं.

"मागनी न्हाई म्हनं! त्याचं पोर आनून ठेव म्हनावं बांधावर, मंग कळंल मागनी."

"जेवताना नव्हतं आठावलं त्याला. भात तीनदा घेतला."

ताईंनी थेट विचारलं, बंद करायचं का? कुणीच हो म्हणालं नाही. वाडीत लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून एकीचं खाचर लावायचं, उद्या दुसरीचं, आणि कामाची फेड कामानेच करायची. पोरं सांभाळणंही सावडीत धरावं, असं सेविकांपैकी एकीने सुचवलं. जी दिवसभर पाळणाघरात बसेल, तिच्या वाटची लावणी बाकीच्यांनी करायची. मुलांसाठी तांदूळ घराघरातून.

एक वयस्क बाई अडून बसली. "बसून ऱ्हानं म्हंजी काय लावनी हाय का?"

"मंग उद्या तूच बस, आत्या. सांज्याला सांग कंबर कुठं दुखती ते."

आत्या खरोखरच बसली. संध्याकाळी ती कंबर धरूनच उठली आणि हरकत पुन्हा घेतली नाही.

सेविकांच्या मानधनाचा प्रश्न यातून सुटला नव्हता. म्हणून मी तिसऱ्या एका फाउंडेशनकडे अर्ज केला आणि शून्याचा दिवस त्यात सविस्तर लिहिला. ताईंनी एक शब्दही कमी करू दिला नाही. त्या फाउंडेशनकडून पाहणीसाठी फोन आला तेव्हा लावणी अजून चालू होती. वाडीवर निरोप गेला. उलट निरोप आला: येऊ द्या, पण आमी खाचरात असू. रस्त्यावर कुणी यायचं न्हाई.

या वेळी अधिकारी बाई होत्या. रस्त्यावर खरंच कुणी आलं नाही. समाजमंदिरात, त्या दिवशी मुलं सांभाळायचा जिचा वार होता ती बाई झोळीची दोरी हलवत बसली होती. तिने उठून नमस्कार केला नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर जायची खूण केली. मुलं नुकतीच निजली होती.

बाहेर येऊन अधिकारी बाईंनी मला हळूच विचारलं, "बाकीच्यांशी कुठे बोलता येईल?"

मी खालच्या खाचरांकडे बोट केलं. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, ते काढून दगडावर ठेवले आणि बांधावरून उतरू लागल्या. खालून कुणीतरी वर न बघताच ओरडलं, "ओ पावणं, येताय तशी रोपांची एक जुडी घेऊन या!"

त्या फाउंडेशनचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही. लावणी उरकली आहे. पाळणाघर एकही दिवस बंद राहिलं नाही.