मामांचं घडीचं स्टूल

ठाण्यापासून कल्याणपर्यंत ऐंशीच्या दशकात जेवढ्या म्हणून सभा झाल्या, त्या सगळ्यांना हजर राहिलेला एकच माणूस असेल, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. पक्ष कुठलाही असो, विषय नळाच्या पाण्याचा असो की विश्वशांतीचा, मामा हजर. पण एकाही सभेत त्यांना खुर्चीवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या काखोटीला कॅनव्हासचं एक घडीचं स्टूल असे. ते उलगडून ते खुशाल दोन खुर्च्यांच्या मधे बसत, आणि मागच्या माणसाला भाषण ऐकू आलं तरी वक्ता दिसत नसे. "ज्याच्या खुर्चीवर बसलं त्याच्यासाठी टाळी वाजवावी लागते, जावईबापू," ते मला सांगत. "स्टूल आपलं असलं की हात मोकळे राहतात." डोंबिवलीला आमच्याकडे आले की सोफ्यावर बसत, पण पहिल्याच भेटीत त्यांनी विचारून घेतलं होतं, "हा तुमच्या पगारातला, की आमच्या भावोजींनी दिलेला? भावोजींचा असला तर मला त्यांचं कौतुक करावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही."

मामा कोपरीत राहायचे आणि ठाण्यातल्याच एका पंप बनवणाऱ्या कंपनीत पेंट शॉपला होते. तिथली युनियन ज्या चारदोन लोकांनी उभी केली त्यांतले ते एक. माणसाला नाटकाचं वेड असतं, क्रिकेटचं असतं. मामांना वेड होतं ते कुठल्या गोष्टीमागे कोण उभं आहे हे शोधण्याचं. एकदा नवरात्रात आम्ही त्यांच्याबरोबर टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो. सगळं जग रोषणाईकडे बघत होतं आणि मामा मान वर करून कमानींवरच्या जाहिराती वाचत होते. "ही कमान गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीची होती ना? त्यांनी का सोडली? यांना इथं काय हवंय?" असं त्यांनी एका कार्यकर्त्याला इतक्या बारकाईनं विचारलं, की त्याला हे इन्कम टॅक्सचे साहेब वाटले. त्यानं घाईघाईनं मामांच्या हातात नारळ दिला आणि आम्हाला थेट देवीपुढे नेऊन उभं केलं. हिला धन्य वाटलं. मामांनी नारळ देवीपुढे ठेवला, आणि आम्हा सगळ्यांना घेऊन पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. माझ्या धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन मी त्या रात्री मामांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या युनियनच्या गोष्टी मात्र मी पुन्हापुन्हा ऐकत असे. त्यातली माझ्या आवडीची कँटीनची. कंपनीच्या कँटीनमधे खुर्च्या फक्त साहेबलोकांना होत्या, कामगार जमिनीवर बसून जेवत. युनियननं अर्ज केले, विनंत्या केल्या, पण व्यवस्थापन ढिम्म. मग चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या धर्मा नावाच्या फिटरनं तोड काढली. सगळ्यांनी मॅनेजरच्या केबिनबाहेर बसून डबे खायचे. धर्माचा डबा सुक्या बोंबलांचा, आणि मॅनेजर शुद्ध शाकाहारी. आठवडा उलटायच्या आत लोखंडी खुर्च्या मंजूर झाल्या! पंपांसाठी आणलेल्या हिरव्या रंगातून उरलेला रंग मामांनी स्वतःच्या हातानं त्या खुर्च्यांना दिला आणि बैठकीच्या खालच्या अंगाला पांढऱ्या अक्षरांत 'कँटीन' असं लिहिलं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुले, की जणू मुलगी चांगल्या घरी पडली.

नव्वदी उजाडली आणि कंपनीत टाळेबंदी झाली. गेटला कुलूप लागलं, किल्ल्या मालकांकडे. मालकांना आता पंप नको होते, जागा विकायची होती, असं लोक बोलत. पण युनियनचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते "कंपनी उघडणार, धीर धरा" असं सांगत होते. त्या भरवशावर माणसं रोज सकाळी गेटसमोर येऊन बसत. कोणी दुसरी नोकरी धरली नाही, कारण धरली आणि इथलं गेट उघडलं तर? मामाही जात. भाऊंच्या शब्दाबद्दल त्यांनी कधी एक प्रश्न विचारला नाही. साऱ्या जगाच्या कमानी तपासणारा हा माणूस इथं मात्र गप्प होता, याचं मला फार नवल वाटे.

मग महापालिकेची निवडणूक आली आणि भाऊ उभे राहिले. त्यांच्या मोठ्या सभेला मामांनी मला आग्रहानं नेलं. मांडव भव्य होता. मामांनी सवयीप्रमाणे स्टूल उलगडलं, आणि तसेच वाकलेले राहिले. शेजारची खुर्ची हिरवी होती. त्यांनी ती उलटी केली. मग तिच्या पलीकडची उलटी केली. मग सावकाश स्टूल मिटलं आणि त्या खुर्चीवर बसले.

भाऊंनी ते स्टेजवरून पाहिलं आणि हर्षभरित होऊन माइकवर म्हणाले, "मंडळी, आज आपले मामासुद्धा खुर्चीवर बसले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा उठले. "बसलो, भाऊ, कारण ही आमच्या कँटीनची आहे. गेटला कुलूप आहे ना? मग या बाहेर कशा आल्या?"

भाऊ हसले. "सभेनंतर बोलू ना, मामा," असं म्हणाले आणि कोणीतरी लगेच स्पीकरवर गाणं लावलं. मागे बसलेला धर्मा आपली खुर्ची उलटी करून नुसता बघत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी भाऊ कोपरीत मामांच्या घरी आले. मी रात्री तिथंच राहिलो होतो. भाऊंनी मामींची तब्येत विचारली, चहाची तारीफ केली. शेवटी मामाच म्हणाले, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? मालकानं मांडव दिला ना?"

"मामा, निवडणूक आता घरच्या भाकरीवर नाही रे लढता येत. निवडून आलो तर आपल्याच माणसांचं भलं करीन."

"कर की. निवडूनही ये. पण एकदा गेटवर येऊन सांग, की कंपनी उघडायची नाही. माणसं खोळंबलीत रे. त्यांची पोरं मोठी होतायत."

भाऊंनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "निवडणूक होऊ दे," ते म्हणाले. मग ते गेले. मामांनी चपला घातल्या. मीही मागोमाग निघालो.

गेटसमोर नेहमीची माणसं बसली होती. मामांनी जन्मात भाषण केलं नव्हतं, ते फक्त प्रश्न विचारत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "कंपनी उघडणार नाही. दुसरं काम बघा." एवढंच. मला वाटलं, कोणी ओरडेल, भाऊंना शिव्या घालेल. पण एकानं नुसता रुमाल झटकून पुन्हा घडी घातली. मला तिथं उभं राहवेना.

धर्मानं विचारलं, "मंग मामा, उद्याला येवाचा का नाय?"

मामांनी गेटकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "या ना. उद्या या. परवाचं परवा बघू."

पुढे मामा कितीदा तरी आमच्याकडे आले, तासन्‌तास बोलले. पण त्या परवाला गेटसमोर कोण कोण आलं होतं, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही.