डॉक्टरनं लिवलं का?

आमच्या भाटव्यांसारखा, म्हणजे ताईच्या यजमानांसारखा, लोकांच्या डोळ्यांत टक लावून पाहणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. त्यात प्रेम, राग, लबाडी काही नसतं. ते अकोल्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं करतात. तिकडच्या डॉक्टरने कुणाचा डोळा खोबणीतून पुढे आला, आत गेला किंवा बाजूला सरकला असं लिहिलं, की भाटवे त्याला कोड लावतात. मग विमा कंपनी पैसे सोडते. उजव्या डोळ्याचा कोड वेगळा, डाव्याचा वेगळा. 'कोणता डोळा ते माहीत नाही' असाही एक कोड आहे, आणि तो लावावा लागला की त्यांना जेवण गोड लागत नाही. "देवानं दोनच देल्ले," ते म्हणतात, "त्यातला कोनता, हे लिवाले डॉक्टरचं काय जाते?"

पण या धंद्याचा खरा धर्म निराळाच. डॉक्टरने लिहिलं नाही ते झालंच नाही, आणि 'असेल', 'वाटतं' याला कोड नाही. भाटव्यांनी हा नियम घरातही आणला. मोरीत घसरून पाय सुजला तेव्हा ताई म्हणाली, "मोडला असन." "असन चालत नाही," म्हणत हे लंगडत भाजी घेऊन आले. संध्याकाळी फोटो काढून डॉक्टरने 'मोडला' असं लिहिलं, तेव्हा कुठे कण्हायला लागले. बडनेऱ्याच्या एका लग्नात पंगतीला समोर नवरदेवाचे मामा बसले होते. भाटवे इतका वेळ पाहत राहिले की मामांनी विचारलं, "काहून पाहून राहिले हो?" "काही नाही. तुमच्या उजव्या डोयाचं डॉक्टरनं लिवलं हाये का?" मामांनी मग जिलेबीला हात लावला नाही.

यंदा भाऊबीजेला दोघं अमरावतीला आमच्याकडे आली. ओवाळताना ताईचा चेहरा समोर आला, आणि तिचा डावा डोळा चांगलाच पुढे आलेला मला दिसला. मी घाबरलोच. भाटव्यांच्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारलं तर ती निरांजन सावरत म्हणाली, "आलं ना. उन्हाळ्यापासून माह्या उजव्या अंगालेच बसतात."

मला भयंकर राग आला. भाटवे अंगणात उभे होते. मी म्हणालो, "तुम्हाला दिसलं होतं, तर दवाखान्यात का नाही नेलं?"

ते खाली पाहत म्हणाले, "नेलं असतं तं लिवलं असतं ना, भाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. थायरॉइडमुळे झालं होतं. उशीर केलात, अजून थांबला असतात तर नजर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. नजर वाचेल, पण डोळा पूर्वीसारखा होईलच असं नाही. त्यांनी लिहायला पेन उचललं, तेव्हा कुणी विचारलं नसताना भाटवे हळूच म्हणाले, "डावा."

परवा अकोल्याला गेलो होतो. ताईची नजर चांगली आहे, डोळा मात्र थोडा पुढेच राहिला. भाटव्यांनी लोकांच्या डोळ्यांत पाहणं सोडलंय, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. संध्याकाळी दोघं ओट्यावर चहा पीत होती. भाटवे तिच्या डाव्या अंगाला बसले होते.