डोक्यावरची माती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतोय — हसू नका.

कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेकाठी आमचं गाव. काठावर गावाची राई होती — करंज, उंबर, वाळुंज. तिथली काडी कुणी मोडायची नाही, असा रिवाज. ढोलीत घुबडं, दरडीच्या बिळांत पाणमांजरं, आणि मधून साऱ्या गावाची पाण्याची वाट.

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते. गुळाला भाव आला आणि शेजारचा बागाईतदार म्हणू लागला, राई माझीच. ऊस लावायचा होता त्याला! पंच बसले. आमच्याकडे हद्दीचा तंटा असा मिटायचा — आमच्या घरातल्या माणसानं ओलेत्यानं, डोक्यावर नदीची माती घेऊन चालायचं. तो चालेल ती हद्द. खोटा चालला, तर त्याचा वंश बुडतो. वडलांमागं तो मान माझा.

आदल्या दिवशी बागाईतदार वाटेत भेटला. हसून म्हणाला, "डोहाच्या कडंला शेवाळ लई हाय. जपून चाल, बाबा." एवढंच. पण माझी पाचावर धारण बसली. बायको पोटुशी. काय करणार होतो मी? देव लांब होता — डोह जवळ.

खरी हद्द राईच्या अलीकडून, बांधानं जायची. मी राई ओलांडून थेट पाण्याच्या कडेनं गेलो — राई त्याच्या हद्दीत टाकली. माती ओघळून डोळ्यांत येत होती. सगळं गाव बघत होतं — कुणी हूं की चूं केलं नाही. डोक्यावर माती होती ना!

राई तुटली. काटेरी कुंपण आलं. पाणमांजरं पुन्हा दिसली नाहीत. बायका लांबच्या घाटावरून पाणी आणू लागल्या.

मला पोरगा झाला, धडधाकट. गाव म्हणालं, बघा, खरा चालला! आणि मी? पोर शिंकलं तरी मी उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायचो.

मग एकदा त्याला ताप चढला. डोळे पांढरे केले त्यानं. आता तरी बोलावं? पंचांचे पाय धरावेत? मी दारात नुसता उभा. शेजारची सखूआक्का, गुडघ्यांनी अधू झालेली, लांबच्या घाटावरून घागर घेऊन आली. पट्ट्या ठेवत बसली. पाणी संपलं, पुन्हा गेली.

"भिऊ नगं," म्हणाली. "तू खरा चाललास. देव तुज्या लेकराला हात लावायचा न्हाई."

पोर वाचलं. आक्का पुढं वारली — मला खरा समजूनच.