मेन बंद असताना उघडलेलं पान

सगळ्यात आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना "हिला काय कळतंय" असं कोणी म्हणायला नको. मी नेटवर्कवाली बाई आहे. अंधेरीच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते. "मॅडम, आपोआप बंद पडलं हो!" हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय... आणि प्रत्येक वेळी शोधून काढलंय की कोणीतरी झाडू मारताना वायर ओढली होती. आपोआप काही होत नाही, यावर माझी देवावर नसेल एवढी श्रद्धा होती. घरात कोणी भुताखेताच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून भांडी घासायला जायची.

तर माझे पप्पा पापडी गावात राहतात. निवृत्त शिक्षक. मम्मी गेल्यापासून एकटेच. घर, मागे लहानशी वाडी — केळी, चार आंब्याची झाडं, विहीर. मी लग्नानंतर विरारला फ्लॅटमध्ये. "आमच्याकडे राहायला ये" म्हटलं की पप्पांचं उत्तर ठरलेलं : "तुझ्या सातव्या मजल्यावर मी काय लावू, मनीप्लांट?"

मम्मी गेल्यानंतर त्यांनी वाडीची रोजनिशी लिहायला घेतली. कोणत्या केळीला घड आला, विहिरीचं पाणी किती पायऱ्या खाली गेलं, कोणता पक्षी पहिल्यांदा दिसला. इतकं छान लिहायचे की मी म्हटलं, याची वेबसाइट करू. आणि वेबसाइट दुसऱ्याच्या मशीनवर भाड्याने ठेवायला मला माझाच कमीपणा वाटला. माझा जुना लॅपटॉप होता. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, पण वायर लावली की मस्त चालायचा. तो पप्पांच्या जेवणाच्या खोलीत ठेवला, ब्रॉडबँडवाल्याकडून फिक्स्ड आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घेतला, आणि साइट चालू. जगात कोणीही पप्पांचं पान उघडलं, की ते थेट त्या टेबलावरच्या लॅपटॉपमधून जायचं. पप्पा त्याच लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करायचे, तेही रोज संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना झाल्यावरच. "दिवस संपल्याशिवाय दिवसाबद्दल लिहायचं नाही," हा त्यांचा नियम.

वाचक किती? मी, माझ्या ऑफिसातली मनाली, आणि कुवेतमधला एक चुलतभाऊ. बस.

आता खरी गंमत. घराबाहेर पडताना मेन स्विच खाली करायचा ही आमच्या घरची जुनी सवय. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचं असो की मागच्या वाडीत, मेन खाली. मी कपाळाला हात लावायची. "पप्पा, तो सर्व्हर आहे, तो बंद करायचा नसतो!" तर म्हणायचे, "घरात मानूस नाय तर यंत्र कोणासाठी जळवायचं गो?" शिक्षक माणूस, पण घरात बोलताना असेच बोलणार.

शेवटी मीच नमले. साइट बंद पडली की माझ्या फोनवर मेसेज यायचा, परत चालू झाली की दुसरा. हळूहळू मला त्या मेसेजची सवय झाली. "डाउन" म्हणजे पप्पा बाहेर पडले. "अप" म्हणजे घरी आले. त्यांचा मोबाइल कायम आल्तारच्या, म्हणजे घरच्या देव्हाऱ्याच्या फळीवर पडलेला असायचा, त्यामुळे फोनपेक्षा मला सर्व्हरच जास्त खात्रीचा वाटायचा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी गेले होते तेव्हा बोलता बोलता म्हटलं, यंदा मम्मीसारखं कैरीचं लोणचं घालून बघते. बस, एवढंच म्हटलं. कैऱ्या काढ असं म्हटलं नव्हतं हो! शिडी तर मी आदल्या वर्षीच शेजारच्या फिलूआत्यांच्या पडवीत नेऊन ठेवली होती. पप्पांचा एकदा पाय घसरला होता, तेव्हा त्यांच्याकडून शब्द घेतला होता — पुन्हा शिडीवर चढायचं नाही.

मंगळवारी सकाळी पावणेदहाला "डाउन" आला. वाडीत गेले असतील. मी मीटिंगमध्ये बसले. पप्पा बाराला जेवतात म्हणजे बाराला जेवतात, तोफ उडाली तरी. दीडला डबा उघडताना फोन पाहिला, तर "अप" आलेलाच नाही. वीज गेली असेल असं वाटलं. उगाच आपलं म्हणून साइट उघडून पाहिली.

उघडली.

हुश्श केलं. आले म्हणजे घरी. मेसेज उशिरा येईल. आणि मग वर नजर गेली. त्याच दिवसाची तारीख, आणि खाली एवढंच :

"लोणच्याच्या कैऱ्यांसाठी शिडी लावली. लीनाला सांगू नये."

पहिल्यांदा मला हसू आलं, खरं सांगते. तीन वाचक, त्यातली एक लीना म्हणजे मीच! समोर बसलेल्या मनालीला म्हटलं, बघ माझे वडील. तिने स्वतःच्या फोनवर साइट उघडली, तिलाही तेच दिसलं. तीही हसली. मग मला म्हणाली, "अगं, पण काका रात्री लिहितात ना?"

पप्पांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा. पुन्हा. मग फिलूआत्यांना लावला.

"आत्या, पप्पा कुठे आहेत?"

"असेल घरात. सकाळी शिडी न्यायला आलेला. कौलं बघायची हायेत म्हणाला."

"आत्या, आंब्याखाली बघा! आत्ता जा, फोन चालू ठेवून जा!"

त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत मी उभी होते. कुंपणाचं फाटक वाजलं. केळीची पानं बाजूला केल्याचा आवाज आला. आणि मग, "अरे देवा... बाय गो, पडलाय तो! जिवंत हाय, जिवंत हाय!"

पप्पा जवळजवळ साडेतीन तास तिथे पडून होते. मांडीचं हाड मोडलेलं, डोक्याला खोक, आणि झाडाची सावली सरकून मे महिन्याचं ऊन सरळ अंगावर. हाका मारून मारून आवाज गेला होता, आणि आत्यांच्या वाडीत पाण्याचा पंप चालू होता. मी हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्यांना आत नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर तिथेच राहिले असते तर काही सांगता आलं नसतं. मी तिथल्या बाकावर बसले आणि लोणचं, कैरी, मम्मी, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला घरी गेले. कुलूप होतं. आत मेन खाली. लॅपटॉप बंद, थंडगार. राउटर बंद. मेन वर केला आणि उभ्या उभ्या सगळं तपासलं. सर्व्हरच्या नोंदींत मंगळवारी सकाळी पावणेदहाच्या आधीची शेवटची ओळ, आणि त्यानंतर थेट बुधवारी मी चालू केल्याची. मधे काहीही नाही. रोजनिशीत शेवटची नोंद सोमवारची. मंगळवारची नोंद लिहिलेलीच नव्हती! पुसल्याची खूणही नाही. माझ्या फोनच्या हिस्टरीत मात्र मंगळवार दुपारी दीडची भेट आहे, मनालीच्याही.

तुम्ही म्हणाल, फोनमध्ये साठलेलं जुनं पान दिसलं असेल. कबूल, असं होतं. पण जे कधी लिहिलंच नाही ते जुनं कसं असेल? तेही दोन फोनवर? स्क्रीनशॉट विचाराल... नाही काढला. बाप शोधायचा सोडून स्क्रीनशॉट कोण काढतं?

ऑपरेशननंतर पप्पा नीट बोलायला लागले. त्यांना यातलं काही सांगायच्या आधी मी फक्त विचारलं, "पप्पा, इतका वेळ पडल्या पडल्या काय करत होतास?"

"काय करणार? रोझरी म्हटली. मग रोजनिशी मनात लिहायला घेतली. आज दिवस संपायची वाट बघायला नको म्हटलं."

"काय लिहिलंस?"

ओशाळले. "शिडी लावली म्हणून लिहिलं. आणि तुला सांगू नये म्हणून. पुढचं सुचेना, तेवढ्यात डोळा लागला."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर पप्पांनी चर्चमध्ये उपकारस्तुतीचा मिस्सा सांगितला. एरवी मिस्सामध्ये दहा वेळा घड्याळ बघणारी मी, त्या दिवशी संपला तरी उठले नाही. नक्की कोणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच मानले. फिलूआत्यांचे, मनालीचे, मम्मीचे, त्या वरच्याचेही.

या विषयातल्या माझ्याहून हुशार माणसांना मी सगळं दाखवलं. प्रत्येकाने एकेक शक्यता सांगितली आणि प्रत्येकाची कुठे ना कुठे अडली. तुमच्यापैकी कोणाला उत्तर सापडलं तर जरूर लिहा, वाचेन. पण खरं सांगायचं तर मला आता त्याची घाई नाही.

परवा पप्पा पहिल्यांदा वॉकर घेऊन स्वतः जेवायच्या टेबलापर्यंत आले. मी बोंबलाचं कालवण केलं होतं. एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ कमी पडलं गो. तुझी मम्मी असं कधी करायची नाही." एरवी मी चिडले असते. त्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून पोटभर रडले, आणि मग मिठाची बरणी घेऊन बाहेर आले.