मॅडमनी एकदाच विचारलं

आमच्याकडे कोणी 'जेवता का' म्हणून विचारलं, की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. पोटात कावळे ओरडत असले तरी. मग समोरच्यानं आग्रह करायचा, आपण पुन्हा 'राहू द्या' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा ताट पुढं आलं की मुकाट्यानं बसायचं. चामोर्शीच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही. मी ही सवय घेऊनच गडचिरोलीला कॉलेजात गेले आणि तिथं चांगलीच तोंडावर पडले.

माझा उजवा हात जन्मापासून कमजोर. पेन धरता येतं, अक्षरही वाचण्याजोगं येतं, पण अर्ध्या तासानं बोटं आखडून मुठीत जातात. मग डाव्या हातानं एकेक सोडवावी लागतात. घरी हे मी ओढणीआड करत असे. बारावीपर्यंत कसंबसं निभावलं. बी.ए.चे पेपर मात्र पानंच्या पानं लिहायला लावणारे, आणि नापास झाले तर पुन्हा पाठवणार नाही, असं बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. पण हात किती टक्के अधू आहे, एवढंच ते सांगतं. परीक्षेत मला काय लागेल, हे कॉलेजच्या समान संधी कक्षात जाऊन सांगायचं होतं. धानाची रोवणी एक दिवस सोडून माय सोबत आली. कक्षातल्या मॅडम पुण्याकडच्या, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "परीक्षेला लेखनिक हवा का? म्हणजे तू सांगशील आणि दुसरं कोणी लिहील. जादा वेळ हवा का?"

"नाही, राहू द्या," मी म्हणाले.

"करते ना ते, मॅडम," मायनं जोड दिली. "आतावरी केलंच ना तिनं."

मॅडमनी कौतुकानं मान डोलावली, 'गरज नाही' असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात बसून राहिलो. "बोलावन ते," माय म्हणाली. मॅडम पुन्हा बोलावून विचारतील, याची मलाही खात्री होती. संध्याकाळी मॅडम कुलूप लावून निघाल्या तेव्हा आम्हाला पाहून म्हणाल्या, "अजून बस मिळाली नाही का?" तेव्हा कुठे आम्ही उठलो. घरी येईपर्यंत मायनं मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एवढी शिकलेली बाई आणि दुसऱ्यांदा विचारायचं कळत नाही! मलाही राग त्यांचाच आला होता.

पुढं सराव परीक्षा झाली. तिसरा प्रश्न अर्धा लिहून झाला आणि बोटं आखडली, ती सुटेचनात. पाठ असलेली दोन उत्तरं कोरी सोडून मी उठले. मला फार भीती वाटली. खऱ्या परीक्षेत असं झालं तर कॉलेज संपलंच.

माय आणि मी पुन्हा कक्षात गेलो. मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. मायनं तोंड उघडलं तसा मी तिचा हात दाबला.

"लेखनिक पाहिजे. वेळही पाहिजे."

एवढंसं बोलताना, न बोलावता कुणाच्या पंगतीत जाऊन बसल्यासारखी लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, "नेमकं काय होतं, ते सांग." मग मी सांगितलं. बोटं कशी आखडतात, कशी सोडवावी लागतात, पेपरनंतर कळ खांद्यापर्यंत कशी चढते आणि रात्री त्या कुशीवर झोपता का येत नाही. मॅडम लिहून घेत होत्या. माय माझ्या हाताकडं पाहत होती.

लेखनिक मंजूर झाला, जादा वेळही. मी खुशीत होते. बसस्टँडवर मायनं माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाली, "एवढं दुखते, तं मले काऊन नाई सांगितलं?"

"तू कधी विचारलंच नाई," मी फटकन बोलून गेले.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू कधी काई मांगतलंच नाई," ती म्हणाली. "मले वाटे, आपण पोरीले काई कमी पडू नाई देलं."