तीस मैलांच्या आतली इरकल

सुप्रभा वासनिकच्या हाती जुनी साडी पडली की आधी ती उजेडाकडे धरते. जिथे विरली असेल तिथे खडूने खूण करते आणि धडक्या भागाची पिशवी, पाकीट, नाहीतर कोटाचं अस्तर शिवते. चिंध्याही टाकत नाही, उशीत भरते. माझ्या कपाटातल्या नऊ साड्या अशाच गेल्या. तक्रार नाही, मी तरी त्या कधी नेसणार होते?

सोळा वर्षांपूर्वी ती नागपूरहून इथे, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आली. दीड वर्षापूर्वी कंपनीने तिची अख्खी टीमच काढून टाकली. आम्ही मैत्रिणींनी नोकऱ्यांच्या लिंका पाठवून तिला भंडावून सोडलं, ती मात्र शिलाई मशीन घेऊन बसली. सवय टेस्टरचीच. प्रत्येक शिवण तीनदा ओढून बघितल्याशिवाय पिशवी घराबाहेर पडत नाही.

या गावात गाडीशिवाय पान हलत नाही, पण ही बाई साड्या गोळा करायला सायकलवर जाते, मागे दोन थैल्या लटकवून. दारात आली की आम्ही म्हणतो, बोहारीण आली, भांडं आणलंय का बघा. नऊ साड्यांवर मला अजून एक वाटीसुद्धा मिळालेली नाही.

गेल्या शरदात तिने इथल्या कारागिरांच्या बाजारात जागेसाठी अर्ज केला. नियम कडक होता: वस्तू तीस मैलांच्या आत बनलेली हवी आणि कापडही तिथूनच मिळवलेलं हवं. जागा मिळाली तर शिवणकाम, नाही मिळाली तर सोमवारपासून पुन्हा नोकरी शोधायची, असं तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. आठवड्याने नकार आला. कारण काय, तर परदेशी कापड.

माझं डोकंच फिरलं. तावातावाने तिच्याकडे गेले आणि अर्ज मागून घेतला. कापड कुठून आणता, या रकान्यात बाईसाहेबांनी लिहिलं होतं: इरकल, महेश्वरी, नारायणपेठ.

मला हसू आवरेना. साडी कुठली विचारलं की आपण गाव सांगून मोकळे होतो, अन् यातलं एकही गाव आपल्या महाराष्ट्रातलं नाही. कमिटीने बिचाऱ्यांनी ती नावं नकाशावर शोधली असतील आणि साडेचार हजार मैल मोजले असतील. पण सुप्रभा हसत नव्हती. ती मशीनवर कव्हर चढवत होती.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "कापड तिकडचं, मीपण तिकडचीच. सोमवारी सीव्ही अपडेट करते."

मी म्हटलं, "अगं, ती इरकल एकवीस वर्षं माझ्या कपाटात होती, इथे शेजारी ब्लेचलीत. लेकीच्या शाळेतल्या दिवाळीला मी ती नेसले होते. तिच्यावर कॉफी सांडली तीही इथलीच. आणि ती तुझ्याकडे आली सायकलवरून. तिला परदेशी म्हणणारे कोण हे?"

तिने मशीनवरचं कव्हर पुन्हा काढलं. मग लॅपटॉप उघडून फेरविचाराच्या अर्जात तिने तो रकाना पुन्हा भरला. इरकल, नीनाकडून, म्हणजे माझ्याकडून, ब्लेचली, तीन मैल. महेश्वरी, मैत्रीण आश्लेषाकडून, दोन राउंडअबाउट चौक पलीकडे. नारायणपेठ स्वतःच्या आईची, आई दोन वर्षं इथे राहिली तेव्हाची, शून्य मैल. तो आकडा लिहिताना तिचे डोळे भरून आले आणि माझेही.

फेरविचाराचं उत्तर शुक्रवारी आलं. जागा मिळाली होती, कोपऱ्यातली, वाऱ्याच्या तोंडाशी.

पहिल्या दिवशी मीही मदतीला उभी होते. एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी इरकलीची पिशवी उचलली, काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कुठलं? सुप्रभाने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हिच्या कपाटातलं. बाई हसल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आम्हाला इथे सगळेच विचारतात: आणि तुम्ही कुठल्या?

सोळा वर्षं या प्रश्नाला मी तिच्या तोंडून नागपूरच ऐकत आले होते.

"इथलीच," सुप्रभा म्हणाली, आणि ते तिने तीनदा ओढून बघितलं नाही.